दहा मिनिटांपुढचं

“कमी बटणांचा एखादा नाय का रे?” शेट्येकाकूंनी विचारलं, आणि हसू दाबण्यासाठी मी पाठ फिरवून फळीवरच्या सीड्या उगाचच सरळ करत राहिलो.

“काकू, बटणं गेमला नसतात. हातातल्या रिमोटला असतात. ती सगळ्यांना सारखीच.”

“तसं नव्हे रे. ज्यात सगळी वापरावी लागत नायत असा. मागच्यात एक अंगठा इकडं, एक अंगठा तिकडं आणि वर परत दोन बोटं. भाकरी थापताना पण एवढे हात चालवावे लागत नायत.”

“भाचा चालवील की. तुम्ही कशाला हात दुखवून घेता?”

काकूंनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली, चष्मा लावून स्वतः एकदा वाचली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. “ते जाऊ दे. हा आहे का बघ.”

चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हेल्मेट घातलेला माणूस. काचेचं दार.’

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतली. रत्नागिरीत राम आळीच्या तोंडाशी माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आता त्याच जागेत मी मोबाईलची कव्हरं आणि काचा विकतो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि गिऱ्हाईक ओळखण्यात आपला हात धरणारा कोकणात कुणी नाही, असा माझा ठाम समज होता.

गेमची इंग्रजी नावं आमच्याकडे कुणी घेत नसे. कव्हरवर जे चित्र असेल तेच त्याचं नाव. टोपीवाला, बेडूकवाला, कंदीलवाला, दोन तलवारींवाला. बाप मुलाला घेऊन यायचा, मुलगा कव्हर बघून पाघळायचा, बाप कव्हरवर रक्त किती आहे ते बघायचा, आणि दोघांचं भांडण जुंपलं की मी मध्ये पडायचो. काउंटरवर एक लहान टीव्ही आणि मशीन कायम जोडलेलं असे. शेजारी गजराचं घड्याळ. घ्यायचा तो गेम दहा मिनिटं खेळून बघायचा, गजर झाला की रिमोट खाली ठेवायचा आणि काय ते सांगायचं, असा माझ्या दुकानाचा कायदा होता. लोक तोंडानं काहीही सांगतात. मी त्या दहा मिनिटांत त्यांचे हात बघायचो. हात खोटं बोलत नाहीत. एक हवालदार मुलासाठी म्हणून क्रिकेटचा गेम न्यायला आले होते. दहा मिनिटं त्यांना बँक लुटायच्या गेमवर बसवलं, तर गजर झाल्यावरही रिमोट सोडीनात. माणसाला जे करायला मिळत नाही तेच तो माझ्या दुकानातून नेतो, हे माझं तत्त्वज्ञान. ते मी चहाच्या टपरीवर येईल त्याला ऐकवत असे.

शेट्येकाकूंनाही मी असंच ओळखलं होतं. वय पन्नाशीच्या पुढं. मांडवीच्या वाटेवर त्यांचं घर, आणि घरातच कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी असा धंदा. काका बंदरावर नोकरीला. दिवाळीत काकू आल्या आणि भाच्यासाठी म्हणून अख्खं मशीन घेऊन गेल्या. तेव्हापासून दर शनिवारी एक सीडी परत आणायची, चिठ्ठी बघून दुसरी भाड्यानं न्यायची. महिनाभरानं मी सहज विचारलं, “भाचा कितवीत आहे?”

“सहावीत.”

“कुठल्या शाळेत?”

“मस्कतला असतो तो,” काकू म्हणाल्या आणि पिशवी उचलून घाईनं निघून गेल्या.

भाचा मस्कतला आणि मशीन मांडवीला! मला काय ते कळलं. काकूंना स्वतःलाच खेळायची चटक लागली होती आणि या वयात ते सांगायची लाज वाटत होती. मला त्यांचं कौतुकच वाटलं. फक्त एक कोडं होतं. नेतात ते सगळे गेम मारामारीचे, पळापळीचे, अवघड. दर शनिवारी आल्या की अंगठे चोळत उभ्या राहतात आणि मला विचारतात, “हा पुढं गेल्यावर काय असतं रे?” मी जिथपर्यंत खेळलेला असे तिथपर्यंत सांगायचो. त्या मान डोलवत ऐकायच्या, पोरीबाळी स्वयंपाकाची कृती ऐकतात तशा.

त्या शनिवारी मी ठरवलं की या बाईला मोकळं करायचं.

“बसा काकू,” मी स्टूल पुढं ओढलं. “आज घाई करायची नाही.”

आधी हेल्मेटवाला लावला. काकूंनी रिमोट असा धरला की जणू तो चावेल. हेल्मेटवाला भिंतीवर आपटला, मग परत आपटला, मग खड्ड्यात पडला. काकूंच्या कपाळावर घाम आला. चार मिनिटांतच मी तो बंद केला आणि फळांचा गेम लावला. वरून रंगीत फळं पडतात आणि सारखी सारखी एकत्र लावायची, एवढंच. बटणं दोन.

पहिली दोन मिनिटं त्या चाचपडल्या. नंतर त्यांचे हात असे चालायला लागले की मी बघत राहिलो. बाटल्यांना लेबलं लावणारे हात ते! पेरू पेरूपाशी, संत्रं संत्र्यापाशी. एकदम चार रांगा फुटल्या तेव्हा त्या खुदकन हसल्या. गजर झाला तो त्यांना ऐकूच आला नाही.

“हाच न्या,” मी म्हणालो.

“छान आहे मेला,” काकू म्हणाल्या. मग त्यांची नजर चिठ्ठीवर गेली. “पण निनादनं तो हेल्मेटवाला सांगितलाय.”

“निनादला काय करायचंय? खेळणार तुम्ही. काकू, एक सांगू? स्वतःसाठी काही घ्यायला लाजू नये माणसानं. मी कुणाला सांगणार नाही.”

काकूंनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तोपर्यंत माझी सीडी कागदात गुंडाळूनही झाली होती. “एक आठवडा हा खेळून बघा. नाही आवडला तर माझं नाव बदला.”

त्या फळांचा गेम घेऊन गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी टपरीवर मी माझं तत्त्वज्ञान जरा जास्तच रंगवून सांगितलं.

पुढच्या शनिवारी मी शटर वर करतोय तोच काकू हजर. मी अजून उदबत्तीही लावली नव्हती. त्यांनी सीडी काउंटरवर ठेवली.

“ही परत घे.”

“आवडला नाही?”

“आवडला. रोज दुपारी खेळले. पण मला आवडून काय करायचंय, दिगू?”

त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी स्टूल पुढं केलं. त्या बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि सांगू लागल्या.

“निनाद माझ्या धाकट्या बहिणीचा. सुषमाचा. ती तिकडं नर्स आहे. तिला नोकरी लागली तेव्हा हा चौदा महिन्यांचा होता. माझ्याजवळ ठेवून गेली. मला मूलबाळ नाय, तुला ठाऊक आहे. नऊ वर्षांचा होईपर्यंत माझ्याजवळ होता. मला माई म्हणतो. दोन वर्षांमागं सुषमानं घर घेतलं तिकडं, नवऱ्याला पण नोकरी लागली, आणि ती याला घेऊन गेली. तिचा मुलगा, तिनं नेला. यात मी काय बोलणार?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“दर शुक्रवारी चार वाजता फोन करतो. तिकडं शुक्रवारी सुट्टी. पहिल्यांदा पाऊण पाऊण तास बोलायचा. मग कमी झालं. अभ्यास काय चाललाय? चाललाय. जेवलास? हो. काय जेवलास? भात. ठेवू? अरे, नऊ वर्षं वाढवलं आणि मला त्याला विचारायला चौथा प्रश्न सुचेना! दिवाळीत एकदा मी आपलं विचारलं, व्हिडिओ गेम खेळतोस का रे? तर वीस मिनिटं बोलला. एका गेमची हकिकत सांगितली. मला एक अक्षर कळलं नाय. दुसऱ्या दिवशी तुझ्या दुकानात आले.”

मी काउंटरच्या मागं उभा होतो, तो हळूच खाली बसलो.

“तेव्हापासून तो दर शुक्रवारी एक गेम सांगतो. कव्हर कसं आहे, सुरुवातीला काय आहे. मी शनिवारी तो आणते, आठवडाभर जमेल तसा खेळते, नायतर तुला विचारते. आणि शुक्रवारी तो माझी परीक्षा घेतो. पुढं काय झालं, मग काय झालं, त्याच्यापुढं काय? उत्तरं देता आली की बोलत राहतो.”

“आणि काल?”

“काल म्हणाला, माई, हेल्मेटवाला मिळाला? मी म्हटलं, नाय रे, फळांचा आणलाय. म्हणाला, त्यात पुढं काय होतं? म्हटलं, फळं पडतात. मग? मग परत पडतात.” काकूंनी बोटं वर केली. “चार मिनिटं. घड्याळ बघून सांगते. आणि ठेवताना म्हणाला, पुढच्या शुक्रवारी जमलं तर करतो.”

माझं तत्त्वज्ञान त्या क्षणी कुठं गेलं ते मला ठाऊक नाही. स्वतःचाच भयंकर राग आला. माणसाचे हात वाचणाऱ्या मला शेजारी पडलेली चिठ्ठी वाचता आली नव्हती. मी हेल्मेटवाला काढून काउंटरवर ठेवला.

“हा तुम्हाला जमणार नाही, काकू. अवघड आहे. मी आठवडाभर खेळतो आणि शुक्रवारी चार वाजता तुमच्या घरी येतो. तो विचारील ते तुम्ही मला सांगा. मी शेजारी बसून उत्तर देतो.”

“म्हणजे कॉपी?”

“कॉपीच.”

काकूंना ते एकदम पटलं. “पावणेचारला ये,” त्या म्हणाल्या. “आणि चप्पल मागच्या दारी काढ, पुढच्या खोलीत बाटल्या मांडल्यात.”

तो आठवडा मी दुकानात दुसरं काही केलं नाही. काचेचं दार अगदी सुरुवातीलाच लागतं. त्यापुढं जिना, जिन्याखाली पाण्यानं भरलेलं तळघर, आणि पाण्यात कुठंतरी एक चावी. त्या चावीनं माझा जीव काढला. तीन दिवस ती सापडेना. सापडली तेव्हा मी दुकानात एकटाच ओरडलो आणि समोरचा शिंपी बघायला आला. गुरुवारपर्यंत मी निम्मा गेम पार केला होता.

शुक्रवारी पावणेचारला सीडी घेऊन काकूंच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत जमिनीवर सरबताच्या बाटल्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि घरभर कोकमाचा आंबट वास होता. टीव्हीला मशीन जोडलेलं, टीव्हीशेजारी फोन. मी गेम सुरू करून तळघरापर्यंत आणून ठेवला. काकू माझ्या बाजूला मांडी घालून बसल्या आणि बाटल्यांना लेबलं लावू लागल्या.

चार वाजले. सव्वाचार वाजले.

“लाइन मिळत नसेल,” मी म्हणालो.

“असेल.”

चार वीस. काकूंच्या हातून एक लेबल तिरकं लागलं. त्यांनी ते सोलून काढलं, दुसरं लावलं, तेही तिरकं लागलं. एवढ्या वर्षांत त्या बाईचं लेबल तिरकं लागलं नसेल. फोनकडं बघायचं मात्र आम्ही दोघंही टाळत होतो.

चार सत्तावीसला फोन वाजला. काकूंनी दोन वेळा वाजू दिला, मग उचलला, आणि मलाही ऐकू यावं म्हणून कानापासून जरा लांब धरला.

“माई, मी. हेल्मेटवाला मिळाला?”

“मिळाला रे बाबा.”

“काचेचं दार उघडलं?”

“उघडलं की.”

“मग? पुढं काय आहे?”

मी कुजबुजलो, “जिना. खाली अंधार.”

“जिना आहे. खाली नुसता काळोख,” काकू म्हणाल्या.

“मग?”

“पाणी,” मी कुजबुजलो, “गुडघाभर.”

“पाणी आहे. भरतीचं येतं तसं. गुडघाभर.”

“बापरे! मग?”

असं सुरू झालं ते थांबेचना. मी सांगायचो, काकू स्वतःचं तिखटमीठ लावून पुढं सांगायच्या. पाण्यातल्या यंत्राला त्यांनी ‘खेकड्यासारखं मेलं’ म्हटलं, तेव्हा निनाद तिकडं खिदळला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. काकूंचा चेहरा असा उजळला होता की मी खेळता खेळता त्यांच्याकडंच बघायला लागलो. मलाही चेव चढला. खेळणारा दुसऱ्या खेळणाऱ्याला विचारतो तसं मला त्या पोराला काहीतरी विचारावंसं वाटलं.

“त्याला विचारा,” मी म्हणालो, “ती चावी त्यानं कशी शोधली? मला तीन दिवस लागले.”

“निनाद, ती पाण्यातली चावी तू कशी रे शोधलीस?”



“चावी ना... विसरलो मी. तू सांग ना माई, पुढं काय?”

मी रिमोट खाली ठेवला. ती चावी शोधलेला माणूस ती जन्मात विसरणार नाही. सापडली नसेल तर नाही सापडली म्हणेल, शिव्या घालेल. पण विसरणं? मी काकूंना फोनवर हात ठेवायची खूण केली.

“कंदीलवाल्यात तो कुठपर्यंत गेला होता?”

“पुलापर्यंत,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “पुलापुढचं मी सांगितलं.”

“आणि दोन तलवारींवाल्यात?”

“दिंडी दरवाजापर्यंत. का रे?”

पूल. दरवाजा. काचेचं दार. माझ्या काउंटरवर शेकडो लोकांनी अगदी याच ठिकाणी येऊन रिमोट खाली ठेवलेला मी बघितला होता. तोवर गजर होतो. आणि दर आठवड्याला पोराला नवा गेम आणून देणारे आईबाप मस्कतमध्ये काय, कुठंच नसतात. इतके महिने तो परीक्षा घेत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं पुढं काय होतं ते.

शेजारी लेबलांचा गठ्ठा होता. मी एकाच्या मागच्या बाजूला लिहिलं, ‘त्याच्याकडे मशीन नसणार. दुकानात दहा मिनिटं खेळून येतो.’ आणि काकूंच्या पुढं धरलं.

त्यांनी चष्मा सरळ केला. वाचलं. परत वाचलं. मला वाटलं, आता माझ्या अंगावर ओरडतील. त्यांनी फोनवरचा हात काढला.

“निनाद,” त्या अगदी सावकाश म्हणाल्या, “दुकानात किती वेळ खेळू देतात रे तुला?”



“कुठल्या दुकानात?”

“तूच सांग.”

“बिल्डिंगच्या खाली आहे एक. दहा मिनिटं देतात. मग दुसऱ्याचा नंबर.”

“आणि घरी?”

“घरी नाहीये. बाबा म्हणाले, मार्क बघून घेऊ.” मग एकदम घाईनं, “माई, तू रागावलीस?”

“मी कशाला रागावू? पण मला सांगितलं का नायस?”

“तू विचारलंस ना गेम खेळतोस का, तेव्हा मी दुकानातल्या एकाचं सांगितलं. मग तू सारखं तेच विचारायला लागलीस. मशीन पण आणलंस. मला वाटलं, तुला खूप आवडतात.”

“मला?” काकू जवळजवळ ओरडल्याच. “मला मेलं काय आवडतंय त्यात! रात्रभर अंगठे ठणकतात माझे. मी तुझ्यासाठी खेळत होते, गाढवा!”

त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग निनाद म्हणाला, “मला माहीत होतं तू सगळं खेळत नाहीस ते.”

“कशावरून?”

“कंदीलवाल्यात पुलापलीकडे विहीर नाहीये. आमच्या वर्गात रेहान आहे, त्याच्या घरी बघितलं मी. तिथं किल्ला आहे. नुसते सैनिक. विहीर नाही, पायऱ्या नाहीत आणि ते कासवपण नाही.”

काकूंनी माझ्याकडं चोर पकडल्यासारखं बघितलं. विहीर त्यांना मी सांगितलेली नव्हती. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि पुटपुटल्या, “पूल ओलांडताच येईना रे मला. पन्नास वेळा पडले असेन पाण्यात. शुक्रवार तर उजाडला. मग आपली परसातली विहीर सांगितली झालं.” मग हात काढून त्या म्हणाल्या, “मग तेव्हाच का नाय बोललास, माई खोटं सांगतेस म्हणून?”

“मला विहीर आवडली,” निनाद म्हणाला.

मी उठून खिडकीशी गेलो. परक्याच्या घरात, परक्याच्या पोरासाठी माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला आज काही वाटत नाही. तेव्हा वाटलं होतं, म्हणून उठलो.

मागं काकू विचारत होत्या, “आई कुठाय?”

“ड्यूटीवर.”

“बाबा?”

“हॉटेलात. शुक्रवारी गर्दी असते.”

“म्हणजे घरात तू एकटाच?”

“हो. पण तुझ्याशी फोन असतो ना.”

काकूंनी डोळे पुसले. पुढं बोलल्या तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. बंदरावर माल उतरवून घेणाऱ्या माणसाचा असतो तसा पक्का आवाज होता तो. “आई घरी आली की सांग, माईनं फोन करायला सांगितलाय. कितीही उशीर होऊ दे, मी जागी आहे. म्हणावं, मे महिन्याचं तिकीट काढायचंय.”

“आई नको म्हणेल.”

“आईचं मी बघते. दोन वेण्या घालून तिला शाळेत पाठवलंय मी. तुझ्या आईला मी घाबरत नाय, समजलास?”

निनाद खिदळला. “माई, फोनचं कार्ड संपत आलंय. तीन मिनिटं राहिलीत.”

“बरं. मग आता पुढचा कुठला आणू?”

“कुठला पण आण. पण आधी हेल्मेटवाल्याचं सांग ना, चावी मिळाल्यावर काय झालं?”

मी लगबगीनं परत येऊन रिमोट उचलला. काकूंनी हातानंच मला ‘ठेव खाली’ म्हणून खुणावलं. त्यांनी टीव्हीकडं पाठ फिरवली, भिंतीला टेकून पाय लांब सोडले आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“चावी मिळाली ना,” त्या म्हणाल्या, “तर त्या पाण्याच्या कडेनं एक वाट निघाली. अगदी अरुंद. एका बाजूला करवंदाच्या जाळ्या...”

माझ्यासमोर पडद्यावर हेल्मेटवाला तळघरात ताटकळत उभा होता. तिथं कुठलीही वाट नव्हती, करवंदं तर नव्हतीच. तीन मिनिटं संपली, लाइन तुटली, तरी काकू आणखी एक वाक्य बोलल्या आणि मग थांबल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. काकू नेहमीच्या वेळी आल्या. हातात चिठ्ठी नव्हती. हेल्मेटवाला त्यांनी काउंटरवर ठेवला आणि स्टूल स्वतःच ओढून घेतलं.

“सुषमाचा फोन आला?” मी विचारलं.

“आला. रात्री साडेबाराला. आधी भांडली, मग रडली. तिकीट बघते म्हणाली.”

“मग आता कुठला देऊ?”

“कुठला पण दे. फक्त त्या बिल्डिंगखालच्या दुकानात असेल असा दे,” काकू म्हणाल्या आणि रिमोट हातात घेतला. “आणि पहिली दहा मिनिटं मला नीट शिकव हां दिगू. तेवढी त्याला माहीत असतात, तिथं चूक होता कामा नये. पुढचं माझं मी बघते.”